तिन्ही पोर्ट बंद

माउसच्या पोटातला लाल दिवा लागला नाही.

मेंग युनोकने माउस काढला, लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या पोर्टमध्ये घातला. नाही. उजवीकडच्या एकुलत्या एक पोर्टमध्ये घातला. तिथेही अंधार. तिने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढून लावून पाहिला. लॅपटॉपला कुणी आपल्या अंगाला हात लावल्याचीसुद्धा दाद नव्हती.

"काय केलंत तुम्ही याला?" ती मागे न बघताच म्हणाली.

"मी?" मागे उभा असलेला बान सुंगू दचकला. "मी काय केलं, मॅडम? तुमच्यासमोर पट्ट्या काढल्या."

पट्ट्या म्हणजे सील. या कारखान्यात बाहेरचा लॅपटॉप आत न्यायचा तर फाटकावरचा रक्षक त्याच्या एकेका पोर्टवर नंबर छापलेली चिकटपट्टी लावायचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही लावायचा. ती पट्टी काढायचा हक्क कारखान्याच्या माणसालाच, आणि तीही कामाच्या जागेवर. बाहेरून आलेल्या माणसासोबत असा एक माणूस कायम असायचा. लघवीला गेलं तरी तो दाराबाहेर थांबायचा. आज युनोकच्या वाट्याला बान आला होता. तिशीचा, इस्त्री केलेल्या निळ्या जॅकेटमधला, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला वॉकीटॉकी.

"कटरने काढल्यात पट्ट्या," युनोक म्हणाली. "नखाने काढा म्हटलं होतं मी. कटरचं टोक आत गेलं असणार. वर पट्टीचा डिंक. दर वेळी नवी पट्टी, जुनीचा डिंक तसाच. पोर्ट आहे का माशा पकडायचा सापळा?"

"नियम आहे, मॅडम."

"नियम आहे! हे दोन शब्द तुमच्या टोपीवर छापून घ्या, म्हणजे तोंड उघडायचे कष्ट वाचतील."

बानचे कान लाल झाले.

युनोक एकोणपन्नास वर्षांची होती. बुछॉनमधल्या आठ माणसांच्या एका छोट्या कंपनीत ती बावीस वर्षं काम करत होती. हवेतला प्राणवायू कमी झाला की भोंगा वाजवणारी पेटी ही कंपनी बनवायची. अशीच एक पेटी तिच्यासमोर, छोनानच्या या कारखान्यातल्या वायूच्या खोलीत, भिंतीवर टांगलेली होती. खोलीत नायट्रोजनचे नळ होते. नायट्रोजनला ना वास, ना रंग. गळला तर तो हळूच प्राणवायूची जागा घेतो, आणि माणसाला वाटतं की आपल्याला जरा झोप येतेय.

तेरा दिवसांपूर्वी वी बोकनाम नावाची सत्तावन्न वर्षांची बाई याच खोलीत कोसळली होती. ती कंत्राटदाराकडची, नळ पुसायच्या कामावरची. अजून इस्पितळात होती. डोळे उघडायची, पण नवऱ्याला ओळखत नव्हती. कारखान्याचं म्हणणं, गळती झालीच नाही. भोंगा वाजला असता ना. बाईंना आधीपासून चक्कर यायची. आणि गळती झाली नसेल तर हा कामावरचा अपघातच नव्हे, मग उपचाराचा खर्चही तिच्या नवऱ्याने बघायचा आणि उरलेलं आयुष्यही.

खरं काय ते भिंतीवरच्या पेटीला ठाऊक होतं. दर दहा मिनिटांनी ती हवेची नोंद करायची, अधेमधे काही घडलं तर त्याचीही. पण तिच्या पोटात दोन हजारच नोंदी मावायच्या. नवी आली की सगळ्यांत जुनी पुसली जायची. युनोकने गाडीत बसून हिशेब केला होता: त्या दुपारच्या नोंदी उद्या सकाळपर्यंत पुसल्या जाणार. आज चार वाजता कामगार खात्याचा निरीक्षक फाटकावर येणार होता. त्याला फाइल हवी होती. पेटीतून थेट लॅपटॉपवर उतरलेली, पेटीच्या शिक्क्यासकट. हाताने लिहून आणलेलं चालणार नाही, असं त्याने पत्रातच लिहिलं होतं. आणि फाइल उतरवायची वाट एकच, यूएसबीची तार.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

"दुसरा लॅपटॉप द्या तुमचा."

"आमच्या सगळ्या लॅपटॉपचे पोर्ट कायमचे बंद असतात, मॅडम. कंपनीचं धोरण. आणि तुमचा तो प्रोग्राम आमच्यात कुठे असणार?"

तेही खरंच होतं. पेटीशी बोलणारा प्रोग्राम याच एका जुन्या, कोपरा उडालेल्या लॅपटॉपवर होता.

बानचा वॉकीटॉकी खरखरला. "बान, काय झालं? अजून किती?"

"साहेब, त्यांच्या लॅपटॉपचे पोर्ट चालत नाहीयेत."

पलीकडे विभागप्रमुख होते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अरे अरे. मग काय करणार? यंत्र आहे. 'लॅपटॉप बिघडल्यामुळे नोंद घेता आली नाही' असं लिहून त्यांची सही घे, आणि सोडून ये फाटकापर्यंत. कॉफी दे जाताना."

"कॉफी तुम्हीच प्या!" युनोक वॉकीटॉकीकडे बघून ओरडली. बानने घाईघाईने बटण सोडलं होतं, म्हणून ते पलीकडे गेलं नाही.

"मॅडम, माझी नोकरी घालवाल."

"तुमची जाईल ती नोकरी. त्या बाईचं काय गेलंय, माहीत आहे?"

युनोकने तोंड फिरवलं. रागाच्या भरात दुरुस्ती होत नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिला हे काम शिकवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: बिघाड झाला की आरडाओरडा करायचा असेल तर आधी करून घे, मग बस. सगळं एकदम उलगडायचं नाही. एकेक शक्यता उचलायची, तपासायची, बाजूला ठेवायची. शेवटी जे उरेल ते उत्तर.

तिने आरडाओरडा करून घेतला होता. ती लोखंडी खुर्चीवर बसली.

पहिली शक्यता, घाण. तिने चष्मा वर सरकवला आणि छोट्या टॉर्चने एकेका पोर्टमध्ये पाहिलं. तोंडाशी डिंकाची राखाडी रेघ होती, खरी. पण आत चारही पितळी पट्ट्या चकचकीत होत्या. वाकलेली एकही नाही. कटरचा ओरखडासुद्धा नाही. तिने लाकडी टोचणीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून तिन्ही पोर्ट पुसले, वाळू दिले. माउस लावला. काही नाही.

दुसरी शक्यता, साचलेली वीज. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उलटा करून बॅटरी काढली. चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं.

"हे कशासाठी?" बानने विचारलं. कुतूहल त्याच्या तोंडून निसटलं होतं.

"कधीकधी आत थोडी वीज अडकून राहते. मग पोर्टला वाटतं, आपण आधीच काहीतरी धरून ठेवलंय. बटण दाबलं की ती निघून जाते." ती रागातच होती, पण कुणी विचारलं की सांगायचं, ही तिची सवय होती. "घरी तुमचा माउस अडला तर हे आधी करायचं. दुकानात जाऊन पैसे घालवायचे नाहीत."

बॅटरी बसवली. लॅपटॉप सुरू केला. माउस अंधारातच.

तिसरी शक्यता, सोबतचा कुणीतरी आजारी. माउस बिघडलाय, पेन ड्राइव्हही बिघडलाय, दोघंही एकाच दिवशी? तिने माउस बानच्या हातात दिला. "तुमच्या टेबलावरच्या संगणकाला लावून बघा."

"तुम्हाला इथे एकटं सोडता येत नाही."

"मग तिथे ती कीबोर्ड लावलेली स्क्रीन आहे ना, नळांची? तिला लावा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग नियंत्रण स्क्रीनच्या मागे हात घालून माउस लावला. लाल दिवा लगेच पेटला. त्याने तो घाईघाईने काढून घेतला. आपण आज किती नियम मोडले, याची यादी त्याच्या चेहऱ्यावर चाललेली दिसत होती.

म्हणजे माउस चांगला. दोष लॅपटॉपचाच.

चौथी शक्यता. तिने लॅपटॉपच्या आतल्या सगळ्या भागांची यादी उघडली. पडदा होता, कळफलक होता, बॅटरी, आवाज, कॅमेरा, सगळे आपापल्या ओळीत. यूएसबीची ओळ शोधत तिने बोट वरून खाली नेलं. पुन्हा वर नेलं.

ओळच नव्हती.

पोर्ट बिघडला असता तर यादीत त्याच्यापुढे पिवळी खूण दिसली असती. आजारी माणसाचं नावही हजेरीपटावर असतंच की. इथे नावच खोडलेलं. आणि एकाचं नव्हे, डावीकडचे दोन आणि उजवीकडचा एक, तिघांचं. डिंकाने असं होत नाही. कटरनेही नाही.

युनोकने हात मांडीवर ठेवले.

"बानसाहेब," ती म्हणाली. "तुमच्या कटरचा दोष नाही. तुमच्यावर उगाच ओरडले मी. चुकलं माझं."

बाहेरून आलेल्या माणसाने माफी मागणं बानला नवं नव्हतं. दिवसातून दहादा ते लोक कमरेत वाकायचे. पण डोळ्यांत बघून, आणि नेमक्या चुकीबद्दल, अशी माफी त्याने ऐकली नव्हती. "असू दे, मॅडम," तो पुटपुटला. मग म्हणाला, "मग कुणाचा दोष?"

"तेच बघते."

तिने लॅपटॉप पुन्हा बंद केला. सुरू होता होता एक कळ दाबून धरली. विंडोज जागी व्हायच्या आधी लॅपटॉपच्या मुळाशी असलेली निळी पाटी दिसते. कुठला भाग चालू ठेवायचा, कुठला बंद, हे तिथे ठरतं. पाटी उघडायच्या ऐवजी मध्यभागी एक छोटा चौकोन आला.

पासवर्ड.

बावीस वर्षांत तिच्या कंपनीतल्या कुठल्याच लॅपटॉपने इथे पासवर्ड मागितला नव्हता. तो कुणीतरी घालावा लागतो. लॅपटॉप समोर ठेवून, खुर्चीत बसून, विचार करून घालावा लागतो.

लॅपटॉप काल संध्याकाळी मालकांकडे होता. "पंखा आवाज करतोय, साफ करून देतो," असं म्हणत हाम थेसिक यांनी तो तिच्या टेबलावरून स्वतः उचलून नेला होता. सकाळी निघताना दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला होता. वर म्हणाले होते, "सावकाश जा. थंडी आहे." सहासष्ट वर्षांचा माणूस, तिला तारांना डाग द्यायची सळई कशी धरायची हे शिकवणारा, एकेक शक्यता उचल आणि बाजूला ठेव असं सांगणारा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडून निघून जाणारा हा राग नव्हता. हा राग आत जाऊन बसला, आणि त्याने तिचा आवाज उलट खाली आणला.

तिने फोन लावला.

"पोहोचलीस का?" हामचा आवाज आला. मागे कंपनीतल्या छोट्या कॉम्प्रेसरची फुसफुस ऐकू येत होती.

"पोर्ट चालत नाहीयेत, मालक."

"असं? जुनाच झालाय तो. चल, लिहून दे तसं, आणि ये परत. वाटेत जेवून घे. तिथल्या बसस्टँडजवळ सूप चांगलं मिळतं."

"पासवर्ड सांगा."

कॉम्प्रेसर फुसफुसत राहिला.

"कसला पासवर्ड?"

"मालक, मी तुमच्याच हाताखाली शिकले. वीस मिनिटं लागली मला. तुम्हाला काय वाटलं होतं, मी माउस हलवून बघेन आणि रडत घरी येईन?"

"अगं, हळू बोल. तिथे त्यांची माणसं असतील."

"आहेत. समोरच उभे आहेत बानसाहेब. ऐकू दे की त्यांना. आमच्या मालकांनी आपल्याच लॅपटॉपचे तिन्ही पोर्ट मुळातून बंद केले आणि वर कुलूप घातलं. मी सकाळपासून या लोकांना शिव्या घालतेय, आणि चोर आमच्याच घरात!"

बानने नजर जमिनीकडे वळवली. पण तो दूर गेला नाही.

"युनोक," हाम म्हणाला, "आपण माल पुरवणारे. त्यांनी एक ऑर्डर थांबवली तर आपली आठ घरं थांबतात. परवा त्यांच्या विभागप्रमुखांचा फोन आला होता. काही मागितलं नाही त्यांनी. फक्त म्हणाले, जुनी यंत्रं कधीकधी ऐन वेळी दगा देतात, नाही का? बस्स. एवढंच."

"आणि तुम्ही एवढ्यावर समजून घेतलंत."

"समजून घ्यावं लागतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला खोटं बोलता येत नाही. म्हणून."

युनोक उठून उभी राहिली. खुर्ची मागच्या नळाला आदळली.

"वी बोकनाम," ती म्हणाली. "नाव माहीत आहे ना? माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. या महिन्यात तिच्या घरी किमचीचं लोणचं घालायचं होतं, साठ कोबी आणून ठेवले होते गॅलरीत. नवऱ्याने परवा फोनवर सांगितलं मला, कोबी तसेच सडले म्हणून. तिला ते कळलेलंही नाही. तिला काहीच कळत नाही. आणि तुम्ही मला सूप प्यायला सांगता?"

"मला काय वाईट वाटत नाही?" हामचा आवाज फाटला. "पण नोंद निघाली आणि त्यात आपलाच सेन्सर चुकलेला निघाला तर? भोंगा वाजला नाही म्हणतात सगळे. आपला सेन्सर झोपला असेल तर? तो मी या हातांनी जोडलाय, युनोक. त्या बाईला मी मारलं असेल तर?"

आता युनोकला कळलं. ऑर्डरची भीती खरी होती, पण ती वरवरची. खालची भीती ही होती. तेरा दिवस हा माणूस रोज कामावर येत होता, चहा पीत होता, आणि आपल्या पेटीने काय केलं हे कळू नये म्हणून देवाला हात जोडत होता. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. दया यायला अजून वेळ होता. घड्याळात दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"फोन ठेवायचा नाही," ती म्हणाली. "ऐकत राहायचं."

तिने मोबाइल आवाज मोठा करून पेटीच्या वर ठेवला. पेटीवर दोन ओळींची इवलीशी हिरवी पट्टी होती आणि खाली चार बटणं. एका दाबाला एक नोंद मागे. दाबून धरलं तर दहा. तेरा दिवस म्हणजे अठराशेहून अधिक नोंदी. तिने अंगठा ठेवला.

"काय करतेस?" फोनमधून आवाज आला.

"तुमची पेटी वाचतेय."

नोंदी उलट्या पळू लागल्या. काल. परवा. वीस पूर्णांक नऊ, वीस पूर्णांक नऊ, वीस पूर्णांक आठ. निरोगी हवा, दिवसच्या दिवस. अंगठा दुखायला लागला तसा तिने दुसरा ठेवला. बान जवळ आला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, "मॅडम, मी दाबू का थोडा वेळ? तारीख सांगा फक्त."

"तुमचं धोरण?"

"बटण दाबायला मनाई असल्याचं मी तरी वाचलेलं नाही."

त्याने दाबलं. तिने तारखा वाचल्या. त्या दिवसाच्या संध्याकाळपाशी तिने त्याचा हात थांबवला आणि पुढे एकेक नोंद स्वतः मागे नेली.

"दोन वाजून एकतीस मिनिटं," ती मोठ्याने वाचू लागली. "भोंगा चालू. किल्लीने."

"चालू?" हाम म्हणाला. "किल्लीने चालू म्हणजे… त्याआधी बंद होता?"

तिने बटण दाबलं. "दोन वाजून दहा. प्राणवायू एकोणीस पूर्णांक दोन. दोन वाजता, सतरा पूर्णांक आठ. एक त्रेपन्न, सोळा पूर्णांक एक." तिने पुन्हा बटण दाबलं. "एक बावन्न. प्राणवायू अठराच्या खाली. इशारा दिला. लाल दिवा चालू. भोंग्याला हुकूम दिला. भोंगा किल्लीने बंद, वाजला नाही."

"किती सेकंदांत?" फोनमधून आवाज आला, अगदी लहान झालेला. "अठराच्या खाली गेल्यापासून इशारा द्यायला किती सेकंद लागले? शेवटचा आकडा बघ. उजवीकडे, कोपऱ्यात."

"आठ."

"आठ?"

"आठ सेकंद, मालक. तुमच्या पुस्तिकेत दहा छापलेत."

पलीकडून कुणीतरी नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. युनोक तेवढ्यात आणखी मागे गेली होती. "अकरा वाजून वीस मिनिटं," तिने वाचलं. "भोंगा बंद. किल्लीने."

ती बानकडे वळली. "किल्ली कुठे असते?"

बानचा रंग उतरला होता. "कंट्रोल रूममध्ये. खिळ्याला."

"अकरा वीसला भोंगा कुणी बंद केला?"

"मला नाही माहीत. खरंच." तो ओठ चावत राहिला. "पण त्या दिवशी वरचे साहेब पाहणीला आले होते. आदल्या पाहणीला कुठलासा भोंगा मध्येच वाजला होता, तेव्हा आमच्या विभागाला फार बोलणी बसली. म्हणून या वेळी… सगळे भोंगे गप्प ठेवा म्हणून सकाळीच सांगितलं होतं. सगळ्यांना."

"आणि दोन एकतीसला?"

"तेव्हा त्यांना… वीबाईंना बाहेर नेलं होतं."

"म्हणजे आधी बाई उचलली, मग भोंगा चालू केला. आणि मग तेरा दिवस सांगत सुटलात, भोंगा वाजला नाही म्हणजे गळती नव्हती."

"मी नाही सांगत होतो, मॅडम."

"पण ऐकत होतात!"

बानने मान खाली घातली. ती आणखी बोलणार होती. तेवढ्यात फोनमधून हाम ओरडला, इतक्या मोठ्याने की खोलीभर घुमलं:

"झोपला नव्हता माझा सेन्सर! आठ सेकंदांत सांगितलं त्याने! आणि हे हरामखोर मलाच फोन करून सांगतात, जुनी यंत्रं दगा देतात? युनोक, लिहून घे. सात, चार, शून्य, दोन, एक, एक."

"लिहून घ्यायची गरज नाही," ती म्हणाली, आणि आकडे टाकले.

निळी पाटी उघडली. तिसऱ्या पानावर यूएसबीची ओळ होती, पुढे 'बंद'. तिने ते 'चालू' केलं, साठवलं, बाहेर आली. विंडोज जागी व्हायला एक मिनिट लागलं. तिने माउस लावला, आणि त्याच्या पोटात लाल दिवा लागला.

तिने तार पेटीला जोडली. लॅपटॉपने टिंग केलं. फाइल उतरायला लागली.

वॉकीटॉकी खरखरला. "बान? अजून तिथेच? सही घेतलीस का?"

बानने बटणावर बोट ठेवलं. युनोक त्याच्याकडे बघत होती, पण तिने काही सुचवलं नाही, विनवणीही केली नाही. हे ज्याचं त्याने करायचं होतं.

"सही नाही घेतली, साहेब," तो म्हणाला. "पोर्ट सुरू झाले. नोंद उतरतेय."

"काय? कसे सुरू झाले? थांबव तिला. परवानगी बघ तिची—"

"परवानगी आहे, साहेब. साडेतीनपर्यंत. तुमचीच सही आहे तिच्यावर." त्याने वॉकीटॉकी खांद्यावरून काढला, बंद केला आणि खिशात घातला. "मॅडम, लवकर करा. त्यांना इथे यायला सात मिनिटं लागतात, धावत आले तर पाच."

चार मिनिटांत झालं. तिने फाइल उघडून पाहिली, एक बावन्नची ओळ पाहिली, पेटीचा शिक्का पाहिला, आणि तीच फाइल पेन ड्राइव्हवरही उतरवली. दोघं मागच्या जिन्याने उतरले. विभागप्रमुख समोरच्या जिन्याने चढत असावेत; वर दार आपटल्याचा आवाज आला, पण ते दोघं तोवर अंगणात होते.

फाटकावरच्या खोलीत कामगार खात्याचा निरीक्षक वेळेआधीच येऊन बसला होता. जाड काचांचा चष्मा, गुडघ्यावर फाइल. युनोकने पेन ड्राइव्ह त्याच्यासमोर ठेवला. बान दाराशी उभा होता. आत यावं की जावं, हे त्याचं ठरत नव्हतं; पण तो गेलाही नाही.

तिच्या कोटाच्या खिशातला फोन वाजला.

"मी निघालोय," हाम म्हणाला. गाडीचा आवाज येत होता. "दीड तासात पोहोचतो. मी स्वतः बोलेन त्यांच्याशी. सेन्सर कसा चालतो ते मीच समजावून सांगतो. युनोक, ऐकतेस ना? तू मोठं काम केलंस, बघ. मी तुला काल सांगायला हवं होतं, पण—"

"या," ती म्हणाली. "सेन्सरचंही सांगा, आणि पासवर्डचंही. दोन्ही सांगायचं. आणि आज माझ्याशी बोलू नका, मालक. उद्याही नको. बोलायचं असेल तेव्हा मी सांगेन."

तिने फोन बंद केला. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला राग आला.

निरीक्षकाने चष्म्यावरून पाहिलं. "तुमचे मालक येतायत वाटतं. जबाब त्यांच्या नावाने घेऊ या का? थांबू या थोडं?"

"नको," युनोक म्हणाली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "माझ्या नावाने लिहा. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांपासून सुरू करा."